पंचावन्न डेसिबल

दार पुन्हा आपटलं, तेव्हा तिनं वहीत सकाळपासूनची चौदावी रेघ ओढली.

खोलीत काचेच्या पेट्या बारा होत्या. त्यांपैकी नऊ भरलेल्या. मॉनिटर अकरा, कारण दोन आणि पाच नंबरच्या पेटीला दोन-दोन लावले होते. हात धुवायची बेसिनं दोन, एकाचा नळ गळका. पायानं उघडायचा पत्र्याचा कचऱ्याचा डबा एक. टेलिफोन एक. चाकांची स्टुलं चार, त्यांतल्या एकाचं चाक कुरकुरणारं. ‘शांतता राखा’ अशी पाटी एक. ती दारालाच खिळ्यावर टांगलेली असल्यामुळे दार आपटलं की पाटीही आपटायची. तो आवाज वेगळा धरायचा की दारातच, यावर तिनं पहिल्या दिवशी बराच विचार केला होता.

बाळं नऊ. सगळी दिवस पुरे भरायच्या आत आलेली. नवांचं मिळून वजन साडेअकरा किलो.

ती बेसिन आणि चादरींचं कपाट यांच्या मधल्या कोपऱ्यात बसायची. समोर तिपाईवर आवाज मोजायचं यंत्र, मांडीवर वही. पदवी घेऊन तिला चार महिने झाले होते आणि या शहरात येऊन तीन आठवडे. काम साधं होतं. या खोलीत आवाज किती, तो कुठून येतो आणि कमी कसा करता येईल, हे दोन आठवड्यांत सांगायचं. अशा खोलीत पंचेचाळीस डेसिबलच्या वर जाऊ नये, असं तिच्या पुस्तकात होतं. इथली सरासरी सदुसष्ट होती.

“मोजणीबाई, आज किती?”

थोरल्या सिस्टरांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून विचारलं. यंत्रावरचा आकडा उडाला.

“सदुसष्ट होतं,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलंत तेव्हा शहात्तर झालं.”

“काय म्हणालीस?” त्या जवळ आल्या. तिनं पुन्हा सांगितलं.

“म्हणजे नऊ माझे.”

“ते तसे वजा होत नाहीत, सिस्टर.”

“मग कसे होतात?”

तिनं सांगायला सुरुवात केली. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट होते, वीस वाढले म्हणजे शंभरपट. थोरल्या सिस्टर हातातलं काम सोडून तिच्या तोंडाकडे टक लावून ऐकत राहिल्या. इतकं मन लावून तिचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. भाड्याच्या खोलीवर परतल्यावर तर तिच्याशी बोलायलाही कुणी नसायचं. यंत्र तिथे पहिल्या दिवशी तपासलं, तेव्हा आकडा तेहतिसावर स्थिर राहिला होता. तो हलतो का हे पाहायला ती दोनदा खोकली होती.

“कळलं,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या. “आमच्या घरी एकच माणूस, आणि इथे मी शंभर.”

धाकटी सिस्टर औषध भरता भरता हसली. “शंभर कुठल्या, भोंगा आहात तुम्ही. रस्त्यावर कळतं, सिस्टर ड्यूटीवर आल्या.”

“तू गप गं. तुझं लग्न ठरेल तेव्हा मलाच बोलवायला येशील, आमंत्रण ओरडून सांगायला.”

शहात्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर. तिनं वेळ लिहून ठेवली.

तेवढ्यात कुणाचा तरी पाय डब्यावर पडला आणि झाकण खाडकन खाली आलं. पाच नंबरच्या पेटीतल्या मुलीचे दोन्ही हात एकदम बाजूला फेकले गेले, झाडावरून निसटल्यासारखे. ती सत्ताविसाव्या आठवड्यात आलेली, नऊशे दहा ग्रॅमची. मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा निळा आकडा चौऱ्याण्णववरून शहाऐंशीपर्यंत उतरला. अलार्म वाजू लागला. थोरल्या सिस्टर त्याआधीच पेटीशी पोचल्या होत्या.

“काही नाही गं राणी, डबा होता तो. मेला डबा. आपण त्याला बाहेर हाकलू हं.”

आकडा वर यायला लागला होता, तो त्यांच्या बोलण्यानं पुन्हा दोन घरं उतरला. मग त्यांनी पेटीच्या झरोक्यांतून दोन्ही हात आत घातले, एक तळवा मुलीच्या डोक्यावर आणि एक पावलांवर ठेवला, आणि तशाच उभ्या राहिल्या. चाळीस सेकंदांनी चौऱ्याण्णव. तिनं हे सगळं लिहिलं, बोलण्याचंही.

*

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी तिनं आपला तक्ता डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवला. विभाग त्यांचाच होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तक्ता वाचला.

“दाराला रबर. डब्याच्या झाकणाला लोकरी नमदा. नळाला वायसर. हे आजच होईल. मला आधीच सुचायला हवं होतं.” त्यांनी बोट खाली नेलं. “अलार्मचे आवाज सत्तरला का ठेवलेत?”

“आल्यापासून तसेच आहेत म्हणतात.”

“सोमवारपासून सगळे पंचावन्नला. आधी शुक्रवारी एका पेटीवर करून बघू, पाच नंबरच्या.” बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. “‘कर्मचाऱ्यांचे बोलणे.’ दिवसाच्या पाळीतच?”

“हो.”

“नाव लिहिलं नाहीस ते बरं केलंस. सगळ्यांना माहीत आहे.” डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. “तीस वर्षं झाली त्यांना इथे. अर्ध्या शहराला त्यांनी पेटीतून बाहेर काढलंय. पण नऊशे ग्रॅमच्या बाळाला तीस वर्षांचं काय. आवाज उतरला नाही, तर मी त्यांना बाहेरच्या तपासणी खिडकीवर पाठवीन. तिथे ओरडावंच लागतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, निघून जाईल.”

“त्यांना सांगितलंत?”

“आत्ता सांगते. तू सोमवारी नऊ वाजता पूर्ण अहवाल दे. शुक्रवारच्या चाचणीसकट.”

*

गुरुवारी थोरल्या सिस्टर बोलल्या नाहीत.

त्या आल्या, हात धुतले, एकेका पेटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक पेटीवर त्यांनीच शिवलेली जाड चादर होती, उजेड आत जाऊ नये म्हणून. तिची कडा उचलायची, आत बघायचं, कडा सोडायची. दूध तापत ठेवलेल्या बाईसारख्या त्या दर चार मिनिटांनी फेरी घालत होत्या. तिनं मोजलं, कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पाच. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“तोंडाला कुलूप घातलंय का, सिस्टर?” धाकटीनं विचारलं. थोरल्या सिस्टर पाठमोऱ्या होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही. धाकटी ओशाळली आणि औषधांकडे वळली.

दुपारी सरासरी चौपन्नावर आली. एवढी घट दोन आठवड्यांत झाली नव्हती. तिनं आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली, आणि मग बराच वेळ तिला लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. ‘मोजणीबाई’ अशी हाक आज आली नव्हती. पाच वाजता यंत्र डब्यात ठेवताना ती स्वतःहून म्हणाली, “चौपन्न, सिस्टर.” थोरल्या सिस्टर खिडकीकडे तोंड करून चादरींच्या घड्या घालत राहिल्या.

शुक्रवारी अकरा वाजता पाच नंबरच्या मॉनिटरचा अलार्म पंचावन्नला आणला. अकरा वाजून बावीस मिनिटांनी तो वाजला. नवा आवाज पातळ होता, दुसऱ्या खोलीत कुणी शीळ घालावी तसा. थोरल्या सिस्टर चादरींच्या कपाटाशी होत्या, पेटीपासून पाच पावलांवर, पाठमोऱ्या. धाकटी सिस्टर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला.

तिची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. एक, दोन, तीन. थोरल्या सिस्टरांनी चादरीची घडी मोडली, नीट केली, पुन्हा घातली. सात, आठ. धाकटी धावत गेली. ती शेजारून गेली तेव्हा थोरल्या सिस्टरांनी वळून पाहिलं, आणि चादर तिथेच टाकून त्याही गेल्या.

मुलगी ठीक होती. नळी जरा सरकली होती, एवढंच.

“तुम्ही तर अगदी जवळ होतात की, सिस्टर,” धाकटी म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं.

“हातात काम होतं गं.”

मग थोरल्या सिस्टरांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिची पेन्सिल अजून तशीच टेकलेली होती. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या सावकाश चालत आल्या आणि वाकून, पहिल्यांदाच इतक्या हळू की यंत्राचा आकडाही हलला नाही, म्हणाल्या,

“उद्या चार वाजता माझ्याकडे चहाला ये. तुझं यंत्र घेऊन ये.”

*

तिसरा मजला, डाव्या हाताचं दार. तिनं बेलचं बटण दाबलं. आत काही वाजलं नाही. बिघडली असेल म्हणून तिनं दारावर टकटक केली. कुणी आलं नाही. तिनं पुन्हा बटण दाबलं आणि धरून ठेवलं, तेव्हा दारावरच्या काचेच्या पट्टीत पिवळा उजेड पडला. बोट काढलं, उजेड गेला. बोट ठेवलं, आला.

दार उघडलं.

“पहिल्यांदा मोरीत होते,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या. “तिथे दिसत नाही.”

दोन खोल्या. टेबल, दोन खुर्च्या. एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा, तो त्यांनी तिच्यासाठी खाली ठेवला. भिंतीवर मुलीचा आणि नातवाचा फोटो. मुलगी दूरदेशी होती, रविवारी फोन करायची, चेहरा दिसेल असाच. छताखाली, दाराच्या डावीकडच्या भिंतीवर बेलच्या बटणानं लागणारा तो दिवा होता, साधा, बिनझाकणाचा.

“हा कुणी बसवून दिला?”

“खालच्या मजल्यावरच्या वायरमननं. त्याला सांगितलं, बेलच्या आवाजाचा त्रास होतो.” त्या हसल्या. “खोटं एवढं सरळ तोंडावर यायला लागलं की समजावं, मुरलंय.”

चहा आला. तिनं यंत्र टेबलावर ठेवलं होतं. चौतीस. थोरल्या सिस्टर बोलल्या की सत्तर, थांबल्या की चौतीस.

“किती वर्षं झाली?” तिनं विचारलं. समोर पाहून, ओठ नीट हलवून.

“तीन. आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग चमचा पडलेला कळेना. बारीक आवाज आधी जातात ना?”

“हो. तसंच होतं.”

“मग पेटीतल्या बाळांचं रडणं गेलं. मोठ्या मुलांचं येतं ऐकू, यांचं नाही. पाच नंबरची रडते ती मला दिसते. तोंड उघडतं, हनुवटी थरथरते. सुरुवातीला वाटायचं, काच आहे मध्ये म्हणून.” त्यांनी कप फिरवून त्याचा कान आपल्याकडे घेतला. “तुम्हाला वाटतं मी ओरडते. मला वाटतं मी कुजबुजतेय. बुधवारी डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, किती ते. म्हणून बोलणंच बंद केलं. किती हळू म्हणजे हळू, ते मला कसं समजणार?”

“कानाला लावायचं यंत्र…”

“आहे. कपाटात. लावून गेले होते एकदा, केस सोडून, कुणाला दिसू नये म्हणून. अर्धा तास राहिले असेन. तो मेला डबा आपटला आणि मला वाटलं माझ्या डोक्यातच आपटला. पेटीवर कुणी बाटली ठेवली, कुणी दार लोटलं. हवं तेवढंच मोठं होत नाही, सगळंच होतं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.” चौतीस. “तेव्हा कळलं, या पोरांना दिवसभर काय होत असेल. तीस वर्षांत कळलं नव्हतं. आणि यंत्र काढून आत गेले, तर पुन्हा मीच सगळ्यांत मोठी.”

खिडकीतून रस्त्यावरच्या गाडीचा आवाज आला. एक्केचाळीस. थोरल्या सिस्टरांनी यंत्राकडे पाहिलं.

“काय आलं?”

“गाडी.”

“असं होय. भिंतींनाही कान असतात म्हणे. एखादा मला दिला असता तर काय बिघडलं असतं.” मग त्या म्हणाल्या, “सत्तरचा अलार्म येतो मला. पुरेसा येतो. आणि कानांनी साथ सोडली तेव्हापासून डोळ्यात तेल घालून फिरते, ते तू पाहिलंसच.”

“दर चार मिनिटांनी.”

“मोजलंस होय?”

“हो.”

“काल मात्र चार मिनिटं झाली नव्हती.”

“नाही. दीडच झालं होतं.”

दोघींनीही चहा घेतला. तिचा निवला होता.

“सोमवारी लिहिशील?”

“लिहावं लागेल, सिस्टर.”

“लिहीच. लिहू नकोस असं म्हणायला नाही बोलावलं तुला. नऊशे दहा ग्रॅमची आहे ती. आता नऊशे चाळीस.” त्यांनी टेबलावरचा चहाचा थेंब बोटानं पुसला. “पण तुझ्या तोंडून कळण्याआधी मला कळू दे, पंचावन्नला मला नक्की किती येतं. अंदाजानं नको. कदाचित काल खरंच हातात काम असेल.”

तिनं अलार्मचा आवाज मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता. छोटा स्पीकर मांडला, थोरल्या सिस्टरांची खुर्ची पाच पावलांवर, भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्यांच्या कानाशी यंत्र धरून आधी सत्तर, मग पंचावन्न, असा आवाज लावून घेतला. कधी वाजवायचं ते तिनं आधीच वहीत लिहिलं. अंतरं सारखी नकोत.

“ऐकू आला की हात वर करायचा. नाही आला तर करायचा नाही.”

“शाळेत मी पहिल्या बाकावर असायचे.”

सत्तरला हात दर वेळी वर गेला, लगेच, बोटं ताठ. मग तिनं पंचावन्नला आणलं. शीळ वाजत होती आणि थांबत होती. थोरल्या सिस्टरांची पाठ ताठ होती, मान किंचित डावीकडे झुकवलेली. हात मांडीवर होते. सहाव्या वेळी उजवा हात अर्धवट उचलला गेला, जरा थांबला, आणि पूर्ण वर गेला.

दहावा झाल्यावर तिनं स्पीकर बंद केला. थोरल्या सिस्टर वळल्या नाहीत. अजून वाजायचंय असं त्यांना वाटत असावं. ती उठून पुढे गेली आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

“झालं?”

“झालं.”

त्यांनी आकडा विचारला नाही. मांडीवरचे हात उलटे करून तळवे पाहिले. ती त्यांच्याजवळ उभी राहिली. समोरच्या भिंतीवर खुर्चीची आणि दोघींची पुसट सावली होती.

“तुम्ही अशाच बसा,” ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती पुढे येऊन, चेहऱ्यासमोर, पुन्हा म्हणाली. “अशाच बसा. तोंड भिंतीकडेच. दिव्याकडे पाठ.”

“आणि?”

“उजेड पडला की हात वर.”

“ते कशाला?”

“मोजलं नाही तर मला लिहिता येत नाही.”

तिनं खिडकीचा पडदा पूर्ण उघडला. वॉर्डात अलार्मला दिवा जोडला, तरी तिथेही दिवसा उजेड असतोच. वहीत दहा नव्या वेळा लिहिल्या. दार उघडं ठेवून ती जिन्यापाशी जाऊन उभी राहिली, जिथून बटण हाताशी होतं आणि खुर्ची दिसत होती. दाबलं. भिंत पिवळी झाली.

चौथ्या वेळी समोरचं दार उघडलं आणि शेजारच्या बाईंनी डोकं बाहेर काढलं.

“घरात नाहीत का त्या?”

“आहेत.”

“मग सारखं बटण काय दाबतेस, बाई?”

“मोजतेय,” ती म्हणाली, घड्याळावरची नजर न काढता. शेजारच्या बाई खुर्चीकडे, वर गेलेल्या हाताकडे आणि तिच्याकडे पाहत राहिल्या. दार त्यांनी लावलं नाही.

सातव्या वेळी थोरल्या सिस्टर मान खाली घालून हात पाहत होत्या. भिंत पिवळी झाली आणि पुन्हा पांढरी झाली. आठव्या वेळी त्यांची मान वर होती.

ती आत आली, खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि वही गुडघ्यावर घेतली. तारीख घातली, वेळ घातली. थोरल्या सिस्टर वाकून, वही उलटी असूनही, ओळीमागून ओळ वाचत होत्या.

अलार्म, सत्तरला: दहापैकी दहा.

अलार्म, पंचावन्नला: दहापैकी एक.

दिवा: दहापैकी नऊ.